तुंबलेली केस

"या घरात प्लंबर पाऊल टाकणार नाही! निदान मी असेपर्यंत तरी नाही!"

ही घोषणा मुद्रितशोधकाने कमरेला टॉवेल गुंडाळून, घोटाभर साबणाच्या पाण्यात उभं राहून केली. शॉवर बंद करून बराच वेळ झाला होता, तरी पाणी जागचं हलायला तयार नव्हतं. बाथरूमच्या दाराशी त्याची बायको, म्हणजे वकीलीणबाई, खांद्यावर टॉवेल टाकून आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत होत्या. त्यांच्या मागे त्यांची आई, म्हणजे याच्या सासूबाई, साबणाची डबी घेऊन उभ्या होत्या.

"अरे, एक फोन केला की येतो तो माणूस," वकीलीणबाई म्हणाल्या.

"कशाला? जाळी उघडायची, केस काढायचे, पाणी सोडायचं. तीन क्रियापदं आहेत नुसती! क्रियापदांना मी घाबरत नाही!"

मुद्रितशोधक म्हणजे पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका वेचून काढणारा माणूस. गळलेला अनुस्वार, उलटी वेलांटी, वाट चुकलेला स्वल्पविराम, यातलं काही म्हणजे काही याच्या नजरेतून सुटत नसे. एकदा ताप चढलेला असताना त्याने औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेतलं शुद्धलेखन आधी सुधारलं होतं आणि औषध नंतर घेतलं होतं. आता ज्या माणसाला एका ओळीत चार चुका सापडतात त्याला एका पाइपात चार केस सापडणार नाहीत का, असा त्याचा साधा हिशोब होता. तुम्हीच सांगा, हिशोबात काही चूक दिसते का? तेव्हा त्यालाही दिसली नव्हती.

केस कोणाचे, हा प्रश्न तर त्याने तपासाआधीच निकालात काढला होता. "लांब केस!" तो म्हणायचा. "पाइप तुंबवतात ते लांब केस. या घरात लांब केस कोणाचे, हे मी सांगायला नको!" आणि हे सांगताना कपाळावरची आपली बट अशी मागे सारायचा की जणू ती बट निर्दोष सुटून कोर्टाबाहेर आली आहे. त्या बटेचा त्याला भारी अभिमान होता. महिन्यातून एकदा तो बाथरूमचं दार लावून बराच वेळ आत असायचा, आणि बाहेर आला की त्याच्या कानांच्या पाळ्या काळ्या झालेल्या असायच्या. याबद्दल घरात कोणी बोलत नसे. माणसाला एखादी तरी गोष्ट झाकून ठेवू द्यावी.

पाणी पहिल्यांदा तुंबलं तेव्हाच त्याने दोघी मायलेकींना समोर बसवून व्याख्यान दिलं होतं. आंघोळीआधी केस विंचरायचे, म्हणजे सुटणारे केस फणीतच येतात! आंघोळ झाली की जाळीवरचे केस हाताने उचलायचे, पायाने आत ढकलायचे नाहीत! अधूनमधून जाळीत गरम पाणी ओतायचं, म्हणजे साबणाचा चिकटा धरत नाही! शिवाय मोठ्या जाळीवर ठेवायला एक बारीक जाळी त्याने स्वतः विकत आणली. सासूबाई तेव्हापासून बाल्कनीत जाऊन विंचरत. वकीलीणबाई डोक्याला प्लास्टिकची टोपी घालून आंघोळ करत आणि टोपी काढली की आरशात बघायचं टाळत. दोघींनी नियम तंतोतंत पाळले. तरीही पाणी तुंबलं! यावर मुद्रितशोधकाचं उत्तर तयार होतं. "हा जुना साठा आहे!"

ते काही असो, आजचा दिवस मात्र तुंबायचा नव्हता.

त्याचं असं होतं. वकीलीणबाईंनी नुकतंच आपल्या जुन्या सरांचं ऑफिस सोडलं होतं. तिथे त्यांचं टेबल झेरॉक्स मशीनच्या शेजारी होतं, आणि त्या वकील आहेत की झेरॉक्सवाल्या हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळत नसे. निघताना सर हसून म्हणाले होते, "टेबल रिकामंच ठेवतो हं. परत लागेल तुला." ते हसणं वकीलीणबाईंच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं. त्यांनी घरातल्या हॉलमध्ये टेबल मांडलं, मागे जाड जाड पुस्तकं रचली, दारावर पाटी लावली. पाटीवरची वेलांटी नवऱ्याने दोनदा बदलून घेतली. सगळं झालं, अशील तेवढा एकही आला नाही.

आज पहिला अशील येणार होता. भिंतवाले काका!

काका आणि त्यांचा धाकटा भाऊ शेजारी-शेजारी राहत आणि मधल्या भिंतीवरून भांडत. भिंत कोणाची, तिला रंग कोणी द्यायचा, तिच्यात खिळा कोणी ठोकायचा! भांडण इतकं जुनं झालं होतं की दोघं भाऊ एकमेकांशी फक्त वकिलांमार्फत बोलत. काकांनी कितीतरी वकील केले आणि सोडले, कारण त्यांचं एक ठाम मत होतं. ते फोनवर वकीलीणबाईंनाही त्यांनी ऐकवलं होतं. "वकील तोंडावर गोड बोलतो, बाई. खरं काय ते पाठीमागे बोलतो! मी आधी येऊन बघणार, मगच सही करणार."

"नीट ऐक," वकीलीणबाईंनी नवऱ्याला बजावलं. "आज त्यांनी सही केली तर मी माझ्या पायावर उभी राहिले. नाही केली तर परत झेरॉक्स मशीन. कळलं?"

"कळलं."

"ते चारला येणार. त्याच्या आत तुझी तीन क्रियापदं आटप. आणि नाही आटपली तर तू घरात आहेस हे त्यांना कळता कामा नये!"

"अगं, मी म्हणजे आज अनुच्चारित अनुस्वार! असेन, पण ऐकू येणार नाही!"

जेवणं झाल्यावर अनुस्वार कामाला लागला.

पहिलं क्रियापद जाळी उघडायची हे होतं. जाळीचा स्क्रू गंजला होता. त्याने तो नाण्याने फिरवून पाहिला, सुरीने फिरवून पाहिला, शेवटी शिव्या घालून पाहिला, तेव्हा कुठे तो हलला. मग मोबाइलवरच्या व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे त्याने पाइपात खायचा सोडा ओतला आणि वर व्हिनेगर ओतलं. व्हिडिओत फेस पाइपातून खाली गेला होता. इथे तो वर आला! उतू जाणाऱ्या दुधासारखा भराभरा वर आला आणि मुद्रितशोधकाच्या गुडघ्याशी येऊन थांबला. मग त्याने रबरी दट्ट्या आणला आणि जीव खाऊन दाबायला सुरुवात केली. पाइपाने असा काही ढेकर दिला की सासूबाई झोपेतून उठून बसल्या.

आणि नेमक्या त्याच वेळी दारावरची बेल वाजली.

भिंतवाले काका ठरलेल्या वेळेच्या बरेच आधी आले होते. वकिलांना बेसावध पकडायचं ही त्यांची जुनी सवय! अंगाने भरलेले, हातात कागदांनी फुगलेली कापडी पिशवी, आणि डोकं असं गुळगुळीत की खिडकीतलं ऊन त्यावरून घसरत होतं. डोक्यावर एकही केस नसल्यामुळे 'केस' या शब्दाचा त्यांच्या लेखी एकच अर्थ उरला होता, आणि तो त्या पिशवीत होता. हे इथे मुद्दाम सांगून ठेवतो. पुढे उपयोगी पडेल.

काका खुर्चीत टेकतात न टेकतात तोच भिंतीतून आवाज आला. घळ्ळ... ढब्ब!

"भिंतीत काय आहे?" काका ताडकन म्हणाले. भिंतीच्या बाबतीत ते फार हळवे होते.

"वरच्या मजल्यावर काम चाललंय," वकीलीणबाई म्हणाल्या आणि जोरात खोकल्या. तो खोकला नवऱ्यासाठी होता. नवऱ्याला वाटलं, हिला सर्दी झाली.

"घरात आणखी कोणी आहे?"

"आई आहे फक्त. वामकुक्षी चाललीय तिची. तुम्ही काय घेणार, चहा?"

"बिनसाखरेचा. आणि माझं काम तुम्ही एकट्याच बघणार ना? की मागून दुसराच कोणी?"

"मी एकटीच," वकीलीणबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

आता या घराची रचना डोळ्यांसमोर आणा. हॉलच्या मागे एक अरुंद बोळ, बोळात एका बाजूला स्वयंपाकघर, समोर बाथरूम, आणि हॉल आणि बोळ यांच्या मध्ये एक पडदा. नुसता पडदा! आवाजाच्या दृष्टीने पाहिलं तर काका बाथरूममध्येच बसले होते.

इकडे मुद्रितशोधकाचा दट्ट्या हरला होता. त्याने सासूबाईंच्या विणकामाच्या टोपलीतून क्रोशाची सुई न विचारता उचलली होती, कारण सुईच्या टोकाला छोटा आकडा असतो आणि असा आकडाच त्याला हवा होता. तो फरशीवर पालथा पडला, पाय दाराबाहेर बोळात आले, हात खांद्यापर्यंत पाइपात गेला. सुई कशात तरी अडकली. त्याने ओढलं. ते हललं नाही. आनंद आणि भीती एकदम झाल्यामुळे तो अनुच्चारित राहायचं साफ विसरला.

"अगं! केस!"

"काय झालं?" स्वयंपाकघरातून वकीलीणबाई कुजबुजल्या. पण भांड्यांच्या वर ऐकू जावं म्हणून त्या जरा मोठ्यानेच कुजबुजल्या.

"केस आतच अडकून बसणार बहुतेक!"

"हळू बोल! ते बाहेर बसलेत!"

हॉलमध्ये काकांनी मान वर केली. पुरुषाचा आवाज! म्हणजे आत कोणी साहेब आहेत तर. आणि 'ते बाहेर बसलेत' म्हणजे कोण? हॉलमध्ये तर आपल्याशिवाय कोणीच नाही! काका खुर्चीत पुढे सरकले.

"नुसती घाण आहे गं!" आतले साहेब म्हणाले. "हात घालवत नाही! अख्ख्या घराला वास लागेल!"

"मग बाहेर काढ आणि फेकून दे! मला दाखवायला आणू नकोस!"

"कुठे फेकू?"

"कचऱ्यात! आणखी कुठे?"

काकांनी पिशवी छातीशी धरली. न बघता! कागद न उघडता! कचऱ्यात!

"पण एका बाजूने काही होत नाही," आतून आवाज आला.

"मग दुसऱ्या बाजूनेही बघ!"

"बघतोय ना! दोन्ही बाजूंनी काम चालू आहे माझं!"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. दोन्ही बाजूंनी! म्हणजे यांनी धाकट्यालाही गाठलं! उठावं आणि तडक चालू लागावं असं त्यांना वाटलं. पण दुसरीकडे त्यांची उत्सुकताही चाळवली होती. आयुष्यभर ते म्हणत आले होते की वकील खरं काय ते पाठीमागे बोलतो, आणि ते पाठीमागचं आज पहिल्यांदा त्यांच्या कानावर पडत होतं. असा योग कोण सोडेल? काका पडद्याच्या जवळच्या खुर्चीवर येऊन बसले.

तेवढ्यात बोळात सासूबाई आल्या. त्या चिडलेल्या होत्या, कारण झोप मोडली होती, सुई गायब होती, आणि त्यांची कवळी बाथरूमच्या बेसिनवरच्या वाटीत पाण्यात होती. दुपारी जेवल्यावर त्या कवळी काढून ठेवत. आता कवळीपर्यंत जायचं तर जावयाला ओलांडून जावं लागणार होतं. कवळी नसली की सासूबाईंचं बोलणं बाकी सगळं कळायचं, फक्त शब्दाच्या शेवटी 'त' आला की तो तोंडातल्या तोंडात राहायचा. त्यातून त्यांना ऐकायला थोडं कमी यायचं, आणि सगळ्या जगाला आपल्याइतकंच कमी येतं असा त्यांचा समज असल्यामुळे त्या घसा ताणून बोलत.

"जावईबापू! माझी सुई द्या! आणि माझे दा... दा द्या!"

"आई, हात घाण आहेत हो! जरा थांबा!"

"झालंय काय एवढं?"

"केस सुटायचं नाव घेत नाहीत!" तो फरशीत तोंड खुपसून म्हणाला आणि सासूबाईंनी वाकून, कान लावून ते ऐकलं.

ही बातमी लेकीला पोहोचवणं सासूबाईंना आपलं कर्तव्य वाटलं. त्या स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडल्या, "केस सुटायचं नाव घे नाही म्हणे!"

'नाहीत'मधला 'त' बोळातच पडला. पडद्यापर्यंत पोहोचलं ते 'नाही'. एका 'त'ने डोक्यावरचे केस कोर्टात जाऊन उभे राहिले! आणि ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची गळलेली अक्षरं भरून काढली तो माणूस दोन हातांच्या अंतरावर पालथा पडलेला असताना त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

मुद्रितशोधकाने सुई पिळून ओढली. गोळ्याचा एक झुबका तुटून वर आला. त्याने तो पडल्या-पडल्याच मागे सासूबाईंकडे धरला. त्यांनी वाकून, डोळे बारीक करून पाहिलं.

"अगंबाई! मुळातच दम नाही!" त्या ओरडल्या. "केस काही टिकणार नाही!"

काका खुर्चीत मागे रेलले. संपलं! या वकीलीणबाईंच्या आईच असणार! आवाजात काय जरब आहे! निवृत्त न्यायाधीश तर नव्हेत? कागद न बघता मुळालाच हात घातला! आजवर एकाही वकिलाने हे सांगितलं नव्हतं. सगळे म्हणत आले होते, 'काका, केस एकदम मजबूत आहे.' मजबूत आहे तर इतकी वर्षं काय करतेय?

"आणि कोणाचं चुकलं सांगू?" सासूबाईंना आता सूर सापडला होता. जावयाने दिलेलं व्याख्यान त्या व्याजासकट परत करत होत्या. "रोजच्या रोज थोडं थोडं काढून टाकलं की एवढा गोळा होतोच कशाला? पण नाही! आ साठवायचं, साठवायचं, वरून पाणी ओतायचं, आणि तुंबलं की घर डोक्यावर घ्यायचं! आता बसा ओढ!"

काका बसले. खरोखरच बसून राहिले. कारण ते बोलणं त्यांना लागलं होतं.

भांडण कशावरून सुरू झालं ते त्यांना आठवलं. धाकट्याने त्याच्या बाजूने भिंतीत खिळा ठोकला आणि इकडच्या बाजूचा काकांचा दाढीचा आरसा खाली पडून फुटला. बस, एवढंच! त्याच दिवशी पलीकडे जाऊन 'गाढवा, हळू ठोक' म्हटलं असतं तर तो हसला असता, आणि त्याच्या पैशाने नवा आरसा आला असता. पण काका गेले नाहीत. त्यांनी ते आत साठवलं. मग वकील गाठला. काकांना धाकट्याची आठवण आली, आणि ती भिंतीच्या आधीची आठवण होती. लहानपणी एकाच पांघरुणात झोपताना तो पाय आपटायचा. आताही झोपेत आपटत असेल, पण मध्ये भिंत असल्यामुळे कळत नाही. काकांनी खिशातून फोन काढला.

चहाचा ट्रे घेऊन वकीलीणबाई पडद्यातून आल्या तेव्हा काका फोनवर होते आणि रुमालाने डोळे पुसत होते.

"हो रे... मी दादाच बोलतोय. वकिलाकडून नाही, मीच बोलतोय... नाही, तब्येत ठीक आहे. अरे, भिंत तुझीच समज... बरं, अर्धी समज! मी केस काढून घेतोय. इकडे ये. पत्ता पाठवतो."

वकीलीणबाई ट्रेसकट पुढे धावल्या.

"काका! काढून घेताय? झालं काय?"

"बाई," काका उठून उभे राहिले. "तुम्ही तोंडावर काही बोलला नाहीत. पण पाठीमागे जे बोललात ते शंभर नंबरी खरं! मला आयुष्यात असं कोणी सांगितलं नव्हतं."

"मी? पाठीमागे? कधी?"

"आत्ताच! आतल्या साहेबांशी! आणि त्या मोठ्या बाई... काय अधिकार! काय परखडपणा! केस काही टिकणार नाही! एका वाक्यात निकाल! कुठल्या कोर्टात होत्या त्या?"

वकीलीणबाई ट्रे हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडत होता, आणि जसजसा पडत होता तसतशा त्या पांढऱ्या होत चालल्या होत्या. त्या तोंड उघडणार तोच आतून एक भयंकर आवाज आला. आधी 'सुळ्ळक', मग 'ढब्बाक', मग पाणी घळाघळा धावत सुटल्याचा लांबलचक आवाज! आणि त्यापाठोपाठ विजयाची आरोळी!

"निघाले! निघाले! केस निघाले!"

पडदा बाजूला झाला. मुद्रितशोधक नखशिखांत भिजलेला, खांद्यापर्यंत काळा, हातात क्रोशाची सुई, आणि सुईच्या टोकाला मेलेल्या उंदरासारखा एक लोंबता, ठिबकता गोळा! समोर अशील उभा आहे, पहिला अशील, हे त्याच्या लक्षात आलं. पण तोवर त्याचे पाय टेबलापर्यंत पोहोचले होते.

काकांनी गोळ्याकडे पाहिलं. मग पिशवीकडे पाहिलं. मग पुन्हा गोळ्याकडे.

"ही... ही केस?"

आणि त्या क्षणी, जिथे कोणीही शहाणा माणूस गप्प बसला असता, तिथे मुद्रितशोधकाचा हात सवयीने वर झाला.

"ही नाही. हे! डोक्यावरचे असतील तर पुल्लिंगी, अनेकवचनी. कोर्टातली असेल तर स्त्रीलिं..."

तो थांबला. गोळ्यातून एक टपोरा थेंब सुटला आणि टेबलावरच्या कागदावर, जिथे काका सही करणार होते बरोबर तिथे पडला.

काकांचं डोकं हळूहळू लाल होत गेलं, आणि केस नसल्यामुळे ते सगळ्यांना नीट दिसत होतं.

"म्हणजे माझ्या केसबद्दल आत..."

"कोणी एक शब्दही बोललेलं नाही, काका," वकीलीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रडवेला झाला होता, पण त्या सरळ बोलल्या. "बाथरूम तुंबलं होतं. हे माझे मिस्टर. त्या माझ्या आई, त्या कुठल्याही कोर्टात नव्हत्या. घरात आईशिवाय कोणी नाही असं मी खोटं सांगितलं, ते माझं चुकलं. तुमची केस मी रात्र-रात्र बसून वाचलीय. ती चांगली आहे. टिकणारी आहे."

तोंडावर बोलली गेलेली ही पहिलीच खरी गोष्ट असावी. काकांनी टेबलावरचं पेन उचललं. मुद्रितशोधकाने श्वास रोखला. एवढी एक सही झाली तर तो जन्मभर प्लंबरला बोलावेल, स्वतः चहा करून पाजेल, असं त्याने मनातल्या मनात कबूल केलं.

काकांचा फोन वाजला. पलीकडचा माणूस इतक्या मोठ्याने बोलत होता की सगळ्यांना ऐकू आलं. "दादा, निघालो रे! आणि तुझ्यासाठी आरसा घेतलाय! दाढीचा! गोल होता ना तुझा?"

काकांनी फोन खिशात टाकला.

"आता याला काय सांगू?" ते म्हणाले. "केसांवरून ये म्हटलं, आणि केसांवरून येऊ नको म्हणू?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. पिशवी उचलली, मुद्रितशोधकाच्या हातातल्या गोळ्याकडे बोट केलं आणि विचारलं, "हे कुठे टाकणार?"

"क... कचऱ्यात."

"मग चला," काका म्हणाले.

अशा रीतीने वकीलीणबाईंची पहिली केस आणि बाथरूममधले केस एकाच वेळी कचऱ्याच्या डब्यात जायची वेळ आली. डबा लहान असल्यामुळे आधी पिशवी गेली, आणि गोळ्याला जागा उरली नाही म्हणून मुद्रितशोधकाने तो एका जुन्या प्रुफाच्या कागदावर ठेवला. धाकटा भाऊ आरसा घेऊन आला, दोघं दारातच एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि आरसा पुन्हा फुटता फुटता वाचला. तडजोडीचे कागद तेवढे वकीलीणबाईंनी करावेत असं ठरलं. भांडायला आलेला अशील हसत परत गेला. वकिलाच्या दृष्टीने याहून वाईट काय असतं?

पण काका गप्प बसणारे नव्हते. त्यांनी ही गोष्ट ओळखीच्या प्रत्येक भांडकुदळ माणसाला सांगितली, आणि त्यातला बाथरूमचा भाग मात्र गाळला. तेव्हापासून वकीलीणबाईंच्या हॉलमधली खुर्ची रिकामी राहत नाही. जुन्या सरांचं टेबल अजून रिकामंच आहे म्हणतात. फक्त एक अडचण आहे. येणारा प्रत्येक अशील सगळं ऐकून घेतो आणि मग पडद्याकडे बघून हळूच विचारतो, "आतल्या मोठ्या बाईंचं मत मिळेल का?"

असो. हे पुढचं झालं. त्या संध्याकाळी मात्र वकीलीणबाई खुर्चीत कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

"माझी पहिली केस गेली," त्या म्हणाल्या.

"पण पाणी बघ कसं जातंय!" मुद्रितशोधक म्हणाला. त्याची आंघोळ झाली होती, बट विंचरून जागेवर आली होती, आणि तिच्याबरोबर थोडा जोरही परत आला होता. "आणि एक सांगू का? राग मानू नका. पण आता तरी लांब केसांच्या बाबतीत दोघींनी..."

सासूबाईंनी त्याला हाताने थांबवलं. त्यांना त्यांची सुई परत मिळाली होती. कवळी तोंडात बसली होती. चष्मा नाकावर होता. त्यांनी तो प्रुफाचा कागद दिव्याखाली ओढला आणि सुईच्या टोकाने वाळत आलेला गोळा सावकाश उकलायला सुरुवात केली. एक केस वेगळा केला, कागदावर सरळ ठेवला. दुसरा ठेवला. तिसरा ठेवला. वकीलीणबाई उठून जवळ आल्या आणि त्यांनी आपली वेणी त्या केसांशेजारी धरून पाहिली. वेणी टेबलावरून खाली लोंबली. कागदावरचे केस बोटाएवढेसुद्धा नव्हते. वर काळेभोर होते आणि मुळाशी पांढरे.

मुद्रितशोधकाचा हात आपोआप कपाळावरच्या बटेकडे गेला, आणि खाली आला तेव्हा त्या हातात बटेतला काही भाग होता.

"जावईबापू," सासूबाई स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हे सगळे केस तुमचेच आहेत. आणि ते फार दिवस टिकणार नाहीत."

या वेळी प्रत्येक 'त' जागच्या जागी होता. मुद्रितशोधकाने ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा पुन्हा वाचलं, पण त्यात त्याला एकही दुरुस्ती सुचली नाही.